ऑफर हातात नसताना पेपर टाकायचे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

2018 च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यातल्या आयटीतल्या नोकरीचा राजीनामा दिला, तेव्हा दुसरी ऑफर हातात नव्हती. तेव्हापासून ओळखीपाळखीतली मुलंमुली, कधी त्यांचे आईवडीलही, रात्री जेवणं उरकल्यावर फोन करतात. बहुतेकांना विचारायचं असतं ते हेच. फोनवर घाईत अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. पैशाचे आणि कायद्याचे मुद्दे खासगी नोकरदारांना धरून आहेत.

नोकरी खरंच टॉक्सिक आहे की मलाच सोसत नाही, हे कसं कळणार?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज नेहमी खाली गेलेला असतो. आपल्याकडे "सगळीकडे असंच असतं" हे इतक्या वेळा ऐकवलं जातं की माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय टांगलेलं असतं. आई त्यात दुधाचे खाडे मांडते. त्या वर्षी मी त्याच चौकोनांत पेन्सिलीने टिंब द्यायला लागले. रात्री तीनपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही, की दुसऱ्या दिवशी सकाळी एक टिंब. जुलैच्या पानावर दुधाचे खाडे 2 होते आणि माझी टिंबं 17. तोवर मी स्वतःला "थोडं टेन्शन आहे" एवढंच सांगत होते. 17 हा आकडा बघितल्यावर तसं म्हणता येईना.

तुम्हीही महिनाभर असं काही मांडून बघा. झोप, पित्त, डोकेदुखी, घरातल्यांवर विनाकारण केलेली चिडचिड, जे तुमच्याकडे उमटतं ते. रिलीजच्या आधीचे पंधरा दिवस किंवा मार्चअखेरची बँक कुणालाच सुखाची नसते. तो ताण काम संपलं की उतरतो. चार दिवस रजा काढल्यावर तिसऱ्या दिवशी जेवण गोड लागायला लागलं, तर कामाचा बोजा जास्त आहे, तो कमी करण्याबद्दल बोलता येईल. रजेच्या चौथ्या दिवशीही फोन वाजला की छातीत धस्स होत असेल, तर गोष्ट निराळी आहे.

आणि माणसं कशी वागवतात ते बघा. चूक दाखवणं वेगळं, चारचौघांत पाणउतारा करणं वेगळं. आजोबांच्या दहाव्यासाठी मी एक दिवस रजा मागितली, तेव्हा "लॅपटॉप सोबत ठेव" असं उत्तर आलं. नाशिकला रामकुंडाजवळ गाडीत काच वर करून मी 40 मिनिटांचा कॉल घेतला. बाहेर काका पिंड घेऊन कावळ्याची वाट बघत उभे होते. त्या कॉलमध्ये माझं काम काहीच नव्हतं, फक्त हजर असायला हवं होतं.

मग सोडायचं की नाही, हे ठरवायचं कसं?

मी दोन आकडे मांडायला सांगते. घर पगाराशिवाय किती महिने चालेल, हा पहिला. आणि अंग या नोकरीत अजून किती महिने तग धरेल, हा दुसरा. बहुतेक लोक फक्त पहिला मांडतात, तो कमी दिसला की गप्प बसतात. दुसरा आकडा कुणी लिहूनच काढत नाही.

दुसरा आकडा मोठा असेल, म्हणजे त्रास आहे पण सहा-आठ महिने निभावेल असं मनापासून वाटत असेल, तर नोकरीत राहूनच दुसरी शोधा. पगार चालू असताना शोधणं कधीही बरं, बोलणी करताना पाठीचा कणा ताठ राहतो. अंगाचे महिने संपत आले असतील आणि घराचे महिने हाताशी असतील, तर ऑफरची वाट बघत थांबू नका. दोन्ही आकडे लहान असतील त्यांची खरी कुचंबणा. त्यांच्यासाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

जगणंच नको वाटायला लागलं असेल, जीव देण्याचे विचार येत असतील, तर हिशोब बाजूला ठेवा आणि आजच कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास मोफत असते आणि मराठीत बोलता येतं. 2024 साली पुण्यात नोकरीला लागून चारच महिने झालेल्या एका तरुण चार्टर्ड अकाउंटंट मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र त्या सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं. माझ्या आईने ते वाचून मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

किती पैसे हाताशी असले पाहिजेत?

"सहा महिन्यांचा पगार" असं ठोकळेबाज उत्तर सगळे देतात. पगार धरू नका, खर्च धरा. आणि तो अंदाजाने सांगू नका, मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयची यादी समोर घेऊन बसा.

माझा तेव्हाचा मांडलेला कागद असा होता: भाडं 19,000, किराणा-भाजी-दूध 11,000, गाडीचा हप्ता 4,200, आईची औषधं 2,800, वीज-गॅस-मोबाइल-इंटरनेट 3,500, बाकी किरकोळ 4,500. एकूण 45,000. बँकेत आणि एफडीत मिळून 3,60,000 होते. भागले की 8 महिने येतात, म्हणून मी खूश झाले. मग आईने विचारलं, विम्याचा हप्ता कधी असतो? तो जानेवारीत, 24,000. ते वजा केल्यावर साडेसात महिन्यांच्या आत आलं. वर्षातून एकदा येणारे खर्च सगळ्यांचे असेच निसटतात: विमा, शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, गावाकडची जत्रा, भाच्याचं बारसं.

पीएफ या हिशोबात धरू नका. शेअर आणि म्युच्युअल फंड धरायचे असतील तर आजच्या किमतीच्या तीन चतुर्थांशच धरा, कारण गरज नेमकी बाजार पडलेला असताना लागते. एसआयपी काही महिने थांबवता येते, त्याने आभाळ कोसळत नाही. एलआयसीचा हप्ता वार्षिक, सहामाही किंवा तिमाही असेल तर 30 दिवसांची आणि मासिक असेल तर 15 दिवसांची सवलतीची मुदत असते. तिच्यावर विसंबू नका, पण ती आहे हे माहीत असू द्या. एफडी मोडण्याआधी बँकेत तिच्यावर ओव्हरड्राफ्ट किती मिळतो ते विचारा. घर चालवण्यासाठी पर्सनल लोन घ्यायची वेळ येणार असेल, तर तुमचा पहिला आकडा शून्य आहे असं समजा.

एकटं कमावणारं माणूस असेल तर मी 8 महिने म्हणते, घरात दुसरा पगार असेल तर 4 पुरतात. हे माझं मत आहे, यामागे कुठलाही नियम नाही.

गृहकर्जाचा हप्ता चालू आहे. मला तर हा विचारच करता येणार नाही ना?

करता येतो, फक्त हप्त्याची रक्कम वेगळ्या खात्यात आधी बाजूला काढायची. किमान 6 हप्ते. तेवढे साठेपर्यंत राजीनाम्याची तारीख पुढे ढकला, पण तारीख ठरवा. "कधीतरी" म्हणत सोसणं आणि "15 फेब्रुवारीपर्यंत" म्हणत सोसणं यात फार फरक पडतो. एक ओळखीचा मुलगा असा तारीख लावून 5 महिने थांबला. नंतर तो म्हणाला की त्या 5 महिन्यांत बॉसचं ओरडणं पूर्वीइतकं आत लागत नव्हतं.

हप्ता चुकला की नोंद क्रेडिट स्कोअरमध्ये जाते आणि 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. नोकरी गेल्यास हप्ते भरून देणारा विमा कर्जासोबत विकलेला असेल तरी त्यात आपणहून दिलेला राजीनामा सहसा बसत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे. ऑफरशिवाय पेपर टाकणं म्हणजे वेडेपणा नाही का?

माझं ठाम मत उलटं आहे. 90 दिवसांच्या नोटिशीमुळेच अनेकांना नोकरीत असताना ऑफर मिळत नाही. समोरच्याला माणूस पुढच्या सोमवारी हवा असतो, तुम्ही तीन महिन्यांनी येणार म्हणता, तिथेच फोन संपतो. नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल भरताना नोटीस पिरियडच्या रकान्यात "सर्व्हिंग नोटीस पिरियड" निवडून शेवटची तारीख टाकली की येणाऱ्या फोनांची संख्या बदलते, हे मी स्वतः अनुभवलं आहे. त्यात शेवटचा महिना राहिला की आणखी फरक पडतो.

म्हणजे नोटिशीचे तीन महिने हे पगार चालू असलेले शोधाचे महिने आहेत. घराच्या आकड्यात ते मिळवा. मात्र हे आयटी, बीपीओ, बँकिंगसारख्या जिथे भरती सतत चालू असते त्या क्षेत्रांना लागू पडतं. तुमचं काम फार खास असेल आणि ते करणाऱ्या चार-पाचच कंपन्या असतील, तर हा हिशोब तुमच्यासाठी नाही.

एक धोका सांगते. राजीनामा दिल्यावर काही मॅनेजर नोटिशीच्या काळात जास्तच जाच करतात. अंगाला तेही झेपणार नसेल तर बायआउटची, म्हणजे नोटीस पूर्ण न करता सुटण्यासाठी भरायची रक्कम किती येते ते नेमणूकपत्रात बघून ठेवा. सहसा उरलेल्या दिवसांचं बेसिक किंवा पूर्ण पगार कापतात, दोन्हींत खूप फरक आहे. काही झालं तरी न सांगता गायब होऊ नका. "ॲब्स्कॉंडिंग" असा शेरा पडला की पुढच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तो निघतो.

राजीनामा देण्याआधी काय काय गोळा करायचं?

लॅपटॉप कधीही बंद होऊ शकतो असं धरून चाला. पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, नेमणूकपत्र, वाढीची पत्रं स्वतःच्या मेलवर घ्या. कंपनीच्या कामाच्या फाइल, कोड, क्लायंटची माहिती मात्र चुकूनही पाठवू नका, त्यावरून लोक अडचणीत आले आहेत. यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाला, तुमचाच मोबाइल नंबर आणि आधार जोडलेला आहे का ते बघा. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत मागतात, त्याची तारीख बघा. व्हेरिएबल पे किंवा वार्षिक बोनस पुढच्याच महिन्यात खात्यात येणार असेल तर तेवढं थांबा. दात, डोळे, रक्ततपासण्या, जे मेडिक्लेममध्ये बसतं ते उरकून घ्या.

ग्रॅच्युइटीला थोडेच महिने राहिलेत. थांबू का?

थोडे म्हणजे किती? कायम नोकरीत सलग 5 वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते. हिशोब असा: शेवटचं मासिक वेतन गुणिले 15 भागिले 26 गुणिले वर्षं. वेतन 40,000 असेल तर 5 वर्षांचे साधारण 1,15,385 रुपये होतात. म्हणजे माझ्यासारख्या घराचे अडीच महिने. नोटिशीचा काळही नोकरीतच मोजला जातो, म्हणून चार वर्षं नऊ महिने झाले असतील आणि नोटीस तीन महिन्यांची असेल तर आजच राजीनामा देऊनही पाच वर्षं भरतात. शेवटची तारीख दोन दिवस पुढचीच पडेल असं बघा.

चार वर्षं 240 दिवस झाले की मिळते असं तुम्ही ऐकलं असेल. मद्रास उच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे, पण अनेक कंपन्या तो मानायला कुरकुर करतात. भांडत बसण्यापेक्षा पाच पूर्ण करा. 21 नोव्हेंबर 2025 पासून श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षानंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे. ती मागायला विसरू नका.

आणि दोन वर्षं राहिली असतील तर ग्रॅच्युइटीचं नावही काढू नका. लाखभर रुपयांसाठी दोन वर्षं असं जगणं फार महाग पडतं.

पीएफ काढून घर चालवू का?

अगदीच नाइलाज झाला तर. एकूण 5 वर्षं सलग नोकरी नसेल तर काढलेल्या रकमेवर कर बसतो आणि रक्कम 50,000 च्या वर असेल तर टीडीएसही कापतात. जुन्या नोकरीचा पीएफ नव्या खात्यात वळवलेला असेल तर ती वर्षंही धरली जातात. 10 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ईपीएसचं, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं, मासिक पेन्शन लागू होत नाही, त्यामुळे मधेच पेन्शनचे पैसे काढून घेतले तर मागची वर्षं पुसली जातात.

आजवर नोकरी सुटून दोन महिने झाले की सगळा पीएफ काढता येत असे. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने यात बदल ठरवला: 75 टक्के लगेच काढता येणार, उरलेले 25 टक्के 12 महिने बेकार राहिल्यावर. अर्ज करण्याच्या दिवशी पोर्टलवर काय दिसतं ते बघूनच पुढे जा. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकलीच नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः टाकता येते.

आईबाबा कंपनीच्या मेडिक्लेमवर आहेत. त्यांचं काय?

याबाबतीत माझा स्वर कडक होतो, कारण मी इथे चुकले होते. बहुतेक ठिकाणी ग्रुप पॉलिसी शेवटच्या दिवशी रात्री संपते. नवी पॉलिसी घेतली तर पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांना 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आईला मधुमेह. मी नोकरी सुटल्यावर तीन आठवड्यांनी पॉलिसी शोधायला लागले. तेवढ्या दिवसांत तिला काही झालं नाही, हे नशीब.

शेवटच्या दिवसाआधीच त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. तशी सोय आहे आणि भरलेला प्रतीक्षेचा काळ मोजला जातो. हप्ता वाढतो, तो घराच्या खर्चात मिळवा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढला आहे, तेवढा दिलासा.

पीआयपीवर (काम सुधारून दाखवण्याच्या मुदतीवर) टाकलंय आणि एचआर "आजच राजीनामा लिहून दे" म्हणतोय.

त्या दिवशी सही करू नका. "मला विचार करायला दोन दिवस हवेत, जे सांगितलं ते कृपया मेलवर पाठवा" एवढंच बोला आणि खोलीबाहेर या. घाबरून रडू आलं तरी चालेल, सही मात्र नको. आपणहून राजीनामा दिला असं कागदावर आलं की काढून टाकल्याबद्दल जे मागता आलं असतं ते बहुतेक हातचं जातं. राजीनामाच द्यायचा ठरला तर नोटिशीचा पूर्ण पगार, रिलीव्हिंग लेटर आणि साधं अनुभवपत्र हे लेखी घेऊन मग द्या. आयटीवाल्यांसाठी पुण्यात नाइट्स ही संघटना अशा तक्रारी कामगार खात्याकडे नेते.

त्रास लैंगिक स्वरूपाचा आहे. सोडून मोकळी होऊ का?

सोडण्याचा हक्क तुमचा आहे, त्यात काही कमीपणा नाही. पण सोडण्याआधी एवढं माहीत असू द्या. 2013 च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून 3 महिन्यांत तक्रार करायची असते, समितीला आणखी 3 महिने वाढवता येतात. 10 किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, तिथे नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. चौकशी चालू असताना 3 महिन्यांपर्यंत जादा रजा आणि बदली मागता येते. म्हणजे त्या माणसाच्या समोर न बसताही पगार चालू राहू शकतो.

दिवस गेलेत. अशात राजीनामा?

शक्य असेल तर थांबा. बाळंतपणाच्या आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. राजीनामा दिला की ती गेली. आजच डॉक्टरांकडून विश्रांतीचं पत्र घेऊन रजा टाकता येईल का ते बघा.

बाँड भरलाय, आणि "कुठेच नोकरी करू देणार नाही" अशी धमकी देतायत.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही, असं बंधन 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकत नाही. त्या धमकीला भिऊ नका. मुदतीआधी सोडल्यास ठरावीक रक्कम भरायची, हा बाँड मात्र टिकू शकतो. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा 3 वर्षांचा, 2 लाखांचा बाँड वैध ठरवला. म्हणून बाँडची रक्कम खर्चाच्या यादीत लिहा आणि मग ठरवा. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली असतील तर ती परत करण्याची मागणी लेखी करा.

मी खासगी शाळेत शिक्षिका आहे. आम्हालाही हेच लागू?

पैशाचा भाग हाच. राजीनाम्याची पद्धत मात्र निराळी. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या 1977 च्या कायद्यात राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर तारखेसह सही करून, एक रजिस्टर्ड पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायचा असतो. संस्थेने कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका. कायम असाल तर तीन महिन्यांची नोटीस धरा.

अमेरिकेत एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. तिकडून सोडलं तर?

शेवटच्या दिवसानंतर जास्तीत जास्त 60 दिवस, आणि आय-94, म्हणजे तिथे राहायच्या परवानगीची नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढेच. त्या 60 दिवसांत नव्या मालकाचा अर्ज दाखल व्हायला हवा. तिथे मी ऑफर हातात आल्याशिवाय सोडा असं सांगत नाही. तोवर रजा, डॉक्टर, टीम बदलणं, जे जमेल ते.

पैसेही नाहीत आणि सहनही होत नाही. मी काय करू?

वर म्हटलेली कुचंबणा ती हीच. आधी आठ-दहा दिवसांची वैद्यकीय रजा घ्या, डॉक्टरांना खरं काय ते सांगून. टीम किंवा ठिकाण बदलून मागा. त्रास एका माणसापासून असेल तर तेवढ्यानेही फरक पडतो. काम ठरल्या वेळी बंद करायला लागा. शेरे खराब पडतील, पडू देत, तुम्ही जाणारच आहात. खर्चात सगळ्यांत मोठी रक्कम भाड्याची असते. एक मुलगी वाकडचा फ्लॅट सोडून आठ महिने चिंचवडला मावशीकडे राहिली. मावशीने एकदाही विचारलं नाही किती दिवस राहणार म्हणून. अशी माणसं प्रत्येकाच्या गोतावळ्यात एखाद-दुसरं असतात, त्यांच्याकडे जायला लाजू नका. कमी पगाराची पण माणसात ठेवणारी नोकरी आली तर ती घ्या. मी पाचव्या महिन्यात 12 टक्के कमी पगारावर लागले, भरून यायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत आईला मी चिडून बोललेलं आठवत नाही.

घरी कसं सांगायचं?

राजीनामा देण्याआधी सांगा, आणि कागद घेऊन सांगा. "मला सहन होत नाही" याला आपल्या आईवडिलांकडे "आम्ही काय कमी सोसलं?" हे उत्तर तयार असतं. खर्चाचा कागद पुढे ठेवला की ते हिशोबात शिरतात आणि मग तुमच्या बाजूने विचार करायला लागतात. विम्याचा हप्ता माझ्या आईलाच आठवला होता. लग्न ठरत असेल तर समोरच्या घरी लपवू नका, नंतर कळलं तर नोकरीपेक्षा लपवणं जड जातं.

राजीनाम्यात खरं कारण लिहू का?

नको. "वैयक्तिक कारणास्तव", शेवटची तारीख, आभार. तीन ओळी. छळाची तक्रार करायची असेल तर ती वेगळ्या मेलने, तारीखवार, राजीनाम्याच्या आधी. एक्झिट इंटरव्ह्यूत मन मोकळं करायची फार इच्छा होते. मी केलं होतं. त्याने माझं रिलीव्हिंग लेटर 3 आठवडे उशिरा आलं, दुसरं काही झालं नाही.

हिशोबाचे पैसे कधी मिळतात?

वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन द्यायचं असं आहे. कंपन्यांना मात्र 30-45 दिवसांनी फुल अँड फायनल, म्हणजे अखेरचा हिशोब, करायची सवय आहे, म्हणून घरखर्चात ते दीड महिन्याने येतील असं धरा आणि न आल्यास कायद्याचा उल्लेख करून मेल टाका. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत द्यावी लागते. वर्षाच्या मध्ये नोकरी सुटली तर पूर्ण वर्षाचा पगार धरून कापलेला टीडीएस जास्त झालेला असतो, रिटर्न भरल्यावर तो परत येतो.

मुलाखतीत "ऑफर नसताना का सोडलं?" विचारतील.

विचारतातच. दोन वाक्यं पाठ करा: "तिथलं काम माझ्या तब्येतीला मानवणारं राहिलं नव्हतं. घरचा हिशोब बघून मी ठरवून बाहेर पडले, आता पूर्ण वेळ द्यायला तयार आहे." आणि थांबा. जुन्या बॉसची उणीदुणी काढायला लागलात की ऐकणारा तुम्हालाच भांडकुदळ समजतो. खोटी ऑफर दाखवून पगार वाढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गॅप लपवू नका, पीएफच्या नोंदीत महिनान्‌महिना दिसतो.

सोडल्यानंतर पहिले दिवस कसे जातात?

पहिला आठवडा सणासारखा. दुसऱ्या आठवड्यात सकाळी नऊला जिन्यात शेजाऱ्यांच्या गाड्या सुरू झालेल्या ऐकू येतात आणि पोटात कालवतं. मी तेव्हा अंथरुणातच पडून राहायचे. मग आईने सकाळचं दूध आणायचं काम माझ्याकडे दिलं. पिशवी घेऊन चौकापर्यंत जायचं, यायचं. नोव्हेंबरच्या पानावर 9 तारखेपर्यंत टिंबं होती, त्यापुढे दुधाचे खाडे तेवढे. झोप परतायला शेवटच्या दिवसानंतर साधारण महिना लागला, त्याआधी मुलाखती द्यायची मी घाई केली त्या तिन्ही फसल्या. जमत असेल तर पहिले पंधरा दिवस काहीच शोधू नका.

नवीन ठिकाणीही असंच निघालं तर?

ही भीती खरी आहे, म्हणून होकार देण्याआधी चौकशी करा. शक्य असेल तर संध्याकाळी साडेसातला त्या ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर उभे राहा. त्या वेळी कोण, कसे चेहरे घेऊन बाहेर पडतात ते दिसतं. ही जागा रिकामी का झाली, हे मुलाखतीतच विचारा. आणि गेल्या वर्षभरात त्या टीममधून बाहेर पडलेल्या दोघांना गाठा, तिथे असलेल्यांपेक्षा गेलेले खरं बोलतात. मी लिंक्डइनवरून एकीला फोन केला. पगार वाढत नाही, कँटीन वाईट आहे, असं ती बरंच सांगत राहिली. शेवटी मी विचारलं, घरात कुणी आजारी पडलं, कुणी गेलं तर रजा मिळते? तिला प्रश्नच कळला नाही. "मिळते म्हणजे? मेसेज टाकायचा आणि जायचं," ती म्हणाली. त्याच संध्याकाळी मी होकार कळवला.